दोन घरची टक्केवारी

मरोळच्या एका कंपनीत प्रबुद्ध आणि रुचिरा शेजारी बसायचे. शाळकरी मुलांना गणित शिकवणारं अ‍ॅप तिथे बनत होतं. रुचिरा नवखी होती तेव्हा प्रबुद्धनेच तिला कोडिंग हाताला धरून शिकवलं होतं. पुढे घाटकोपरला त्याच्या घरी तिचं जाणंयेणं झालं, त्याची आई तिला 'आमची रुचिरा' म्हणायला लागली.

गणितातल्या संकल्पना साठवायच्या कशा, यावर त्या दिवसांत खल चालला होता. साहेब चंद्रप्रकाश यांना सरळ झाडासारखी रचना हवी होती. धड्याखाली संकल्पना, तिच्याखाली पोटसंकल्पना. प्रबुद्धला ते पटेना.

"टक्केवारी कुठे टाकशील?" त्याने रुचिराला विचारलं. "अपूर्णांकाखाली, की नफा-तोट्याखाली?"

"दोन्हीकडे लागते ना."

"मग दोनदा लिहायची? त्यापेक्षा ती एकदाच ठेवू आणि नाती वेगळी नोंदवू. कोण कोणाचा प्रकार, कोण कोणाच्या आधी शिकायचं. मग तिला वरती दोन पालक-संकल्पना असल्या तरी बिघडत नाही."

"झकास. उद्या मीटिंगमध्ये बोल तू. मी आहे ना."

दुसऱ्या दिवशी त्याने फळ्यावर सगळं काढून दाखवलं. साहेबांच्या कपाळावर आठ्या. "यात वेळ जाईल. रुचिरा, तुला काय वाटतं?"

रुचिरा फळ्याकडे न बघता म्हणाली, "मी त्याला आधीच म्हटलं होतं सर, हे जरा जास्तच होतंय. झाडच पुरेल."

प्रबुद्धच्या हातातला पेन तसाच राहिला. तो खाली बसला.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्याने तिला गाठलं. "काल तर तुला पटलं होतं."

"सरांचा चेहरा बघितलास ना? माझं प्रमोशन अडकलंय रे. मनाला लावून घेऊ नकोस."

"पटलं नव्हतं तर तसं सांगायचंस. मी एकटा उभा राहिलो असतो. तू आहेस म्हणून निर्धास्त होतो."

तिने दोघांच्या चहाचे पैसे दिले. पुढे प्रमोशन तिला मिळालं.

अ‍ॅप बाजारात आलं आणि तक्रारी सुरू झाल्या. अपूर्णांकात टक्केवारी शिकून झालेल्या मुलांना नफा-तोट्यात तीच पुन्हा पहिल्यापासून शिकायला लागत होती, कारण अ‍ॅपच्या लेखी त्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं.

"सर, नाती वेगळी ठेवायची असं आमच्या मनात आधीपासून होतं," रुचिरा म्हणाली.

"आमच्या नाही," प्रबुद्ध शांतपणे म्हणाला. "माझ्या. तू नको म्हणालीस."

साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "ते जाऊ दे. दुरुस्त कधी होईल?"

दुरुस्ती प्रबुद्धनेच केली. मग मुलुंडला दुसरी नोकरी धरली. निरोपाच्या दिवशी रुचिराने केक आणला, स्वतःच्या हाताने कापून दिला. त्याने तो खाल्ला, थँक्यूही म्हटलं.

घरी आईने विचारलं, "रुचिरा आली नाही बऱ्याच दिवसांत?"

"कामात असते," तो म्हणाला आणि बूट काढायला खाली वाकला.