तुळसाबाईंचे शेवट

मेल्यावर माणसाचं पुढे काय होतं, हे नेर तालुक्यातल्या आमच्या गावात फक्त तुळसाबाईंना ठाऊक होतं. म्हणजे टीव्हीवर मेल्यावर. ‘अकरावी घंटा’ ही भुतांची हिंदी मालिका लागायची तेव्हा दर आठवड्याला नवी गोष्ट असे, आणि दर आठवड्याला भूत दाराशी आलं की आमची लाईन जाई. शेवट कुणालाच दिसत नसे. मग तुळसाबाई बाजाराच्या दिवशी नेरला जायच्या आणि वांग्यांसोबत शेवट घेऊन यायच्या. तिथे त्यांच्या बहिणीकडे लाईन टिकायची म्हणे.

‘लाल बंगला’ या भागाचा शेवट त्यांनी असा आणला: बंगल्यात फिरणारी पांढरी बाई ही सासू. सून पहिला चहा तिला न देता स्वतः प्यायली, म्हणून ती तळमळत गेली. दुसऱ्या दिवसापासून गावातला पहिला चहा सासवांना मिळू लागला. ग्रामसभेचा एकही ठराव इतका पाळला गेल्याचं आठवत नाही.

बारा वर्षं हा कायदा चालला. तुळसाबाईंची सून शीला पहाटे पाचला उठायची आणि शेवटी पातेल्याच्या तळाचा गाळ प्यायची. दोन हजार पाचच्या हिवाळ्यात तिचा भाऊ अतुल पांढरकवड्याहून आला. हायवेवरच्या ठेल्यावर त्याला मालिकेची सीडी सापडली होती. ‘लाल बंगला’, अख्खा.

“आता पाहूच,” शीला म्हणाली. “सासू निघाली तं जल्मभर देईन. नाही निघाली तं उद्यापासून पहिला कप माहा.”

दुपारी लाईन होती. अतुलनं सोबत आणलेल्या प्लेअरवर सीडी लावली. भाव येईल म्हणून ठेवलेला कापूस पुढच्या खोलीत छताला टेकला होता. त्याच्या एका अंगाला सुना बसल्या, दुसऱ्या अंगाला सासवा. खाज सगळ्यांनाच सुटली. ज्या भुतानं एके काळी गावाला झोपू दिलं नव्हतं, त्याच्या चादरीवर धोब्याची खूण होती आणि पायांत कॅनव्हासचे बूट. शेवटी इन्स्पेक्टरनं चादर ओढली. आत बंगल्याचा चौकीदार. त्याला मालकाची जागा पाहिजे होती.

सुनांनी टाळ्या वाजवल्या.

“आत्याबाई,” शीला म्हणाली, “याच्यात सासू कोठी हाय?”

तुळसाबाई ढिम्म. “हाय ना. दिसून नाही राह्यली. म्हणून तं भूत म्हणते तिले.”

“अन् चहा?”

“अख्ख्या बंगल्यात चहा दिसला का तुले?”

“नाही.”

“मंग? कोणी देल्लाच नाही तिले!”

सासवा हसत हसत कापसावर लवंडल्या. शेजारची भुरीबाई म्हणाली, “हे सीडीवालं नकली हाय. चौकीदाराले कोण भेते? आपल्या चौकीदाराले तं बकऱ्याही भेत नाही.”

शीलानं सुनांकडे पाहिलं. त्यांतल्या जमनीनं नजर चुकवली. “राहू दे वं शीला. माह्या पोराचं औंदा लग्न हाय.”

टाळ्या वाजवणाऱ्या आणखी दोघींची पोरं लग्नाला आली होती. त्या पदर झटकून सासवांच्या बाजूला जाऊन बसल्या.

शीला आत गेली, चहा करून आली आणि पहिला कप तिनं सासूपुढे ठेवला. तुळसाबाईंनी तो नेहमीसारखा दाराशी बसलेल्या नवऱ्याकडे सरकवला. तुळसाबाईंना पित्त होतं. चहा त्या कधीच पीत नसत.