नोकोच्या डबीतली नावं

नवऱ्याच्या थडग्यावरचं कापड शनिवारी उचलायचं होतं. त्याच दिवशी माझे वर्षाचे काळे कपडेही उतरणार होते. बकरा ठरला, मंडप ठरला, आल्याचं सरबत घालून ठेवलं. मी एकच गोष्ट मागितली होती. कापड उचलताना ती एक धून वाजली पाहिजे.

"नाव सांग, अउसी, लगेच लावतो," मोथिबेदी म्हणाले. हे निळी टोपी जॅझ मंडळाचे अध्यक्ष, मला अउसी म्हणजे ताई म्हणतात. रेल्वेत गार्ड होते, निवृत्त होऊनही शिट्टी सोडलेली नाही.

"नाव माहीत असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?"

"बरं, वाजवतो कोण?"

"तेही माहीत नाही. सुरुवातीला नुसतं मोठं तंतुवाद्य, एकटंच. मग सॅक्सोफोन येतो. आणि मध्येच ऐकणाऱ्यांतला कुणीतरी खोकतो."

मोथिबेदींनी टोपी काढली, आतून पाहिली, पुन्हा घातली. "खोकतो," ते म्हणाले. "ठीक आहे."

मला नाव माहीत नसण्याचं कारण हे मंडळच. आमच्या मामेलोडी वस्तीत दर रविवारी कुणाच्या तरी अंगणात ही म्हातारी मंडळी दुरंगी बूट घालून जमतात. एकेक जण आपली सीडी लावतो. वेष्टन कोटाच्या आत, नाव सांगायचं नाही. बाकीच्यांनी ऐकून ओळखायचं, सॅक्सोफोन कुणाचा, ढोल कुणाचा, साल कुठलं. ज्याला सांगता येत नाही त्याने सगळ्यांचे ग्लास धुवायचे. पंचवीस वर्षं मी या लोकांना आतड्याचं कालवण आणि पाप, म्हणजे मक्याची घट्ट उकड, वाढलंय, पण ग्लास मात्र कधी धुवावे लागले नाहीत. त्यांचं तेवढं एक बरं आहे.

माझ्या नवऱ्याला, नोकोला, ही खोड घरीही होती. रविवारी सकाळी गाडी धुताना चारी दारं उघडी टाकून सीडी लावायचा आणि मला हाक मारायचा, "रायसीबे, कोण वाजवतंय?" मी कपडे वाळत घालत असायची. मला त्यातलं काय कळणार? मी उचलली जीभ लावायची टाळ्याला. "तुझा मेव्हणा दाढ उपटून घेतोय," म्हणायची. नाहीतर "पोट दुखणारी बकरी." तो हसून हसून बादली लवंडायचा. खरं नाव त्याने मला कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मी का विचारू? विचारलं असतं तर तो जिंकला असता.

मग मंडळात हार्ड डिस्क आल्या. सगळ्या सीड्या संगणकात उतरवायच्या, तिथून साबणाच्या वडीएवढ्या डबीत भरायच्या आणि डबी यंत्राला जोडायची. सोय झाली, पण मंडळाची पंचाईत झाली. यंत्राच्या काचेवर वाजवणाऱ्याचं नाव झळकतं. खाबोला अचानक सगळंच ओळखू यायला लागलं. खाबो म्हणजे नोकोचा जानी दोस्त. दरवेळी पाणी प्यायच्या निमित्ताने उठायचा आणि यंत्राजवळून जाताना चष्मा पुसायचा.

"डोळ्यांनी जॅझ ऐकणारा पहिलाच माणूस पाहिला," नोको मला म्हणाला होता.

त्यावर त्याने उपाय काढला. प्रत्येक गाण्याच्या फायलीत नावाची एक चिठ्ठी असते, यंत्र ती वाचून दाखवतं. नोको दोन हिवाळे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एकेका गाण्याची खरी चिठ्ठी काढून खोटी घालत होता. अधूनमधून स्वतःशीच हसायचा. काम संपल्यावर वेष्टनं रद्दीत दिली आणि सीड्या दोऱ्यांना बांधून पीचच्या झाडाला टांगल्या. पक्षी येत नाहीत म्हणे. पक्षी यायचे. झाडाखाली बसून आपला चेहरा बघायचे आणि मग पीच खायचे. सीड्या उन्हात भाजून फुटल्या.

त्यानंतर वर्षभरात तो गेला, गाडी धुतानाच. नळ वाहत राहिला होता.

तर आता ती डबी. सोमवारी मोथिबेदींनी आपल्या यंत्राला लावली. त्यांचं यंत्र त्यांच्याइतकंच जुनं. काचेवर एकच ओळ आली, "अनोळखी कलाकार". पुढचं गाणं, अनोळखी कलाकार. त्याच्या पुढचं, तेच.

"सगळेच अनोळखी?" मी विचारलं.

"माझं यंत्र चिठ्ठी गाण्याच्या शेपटीला शोधतं," ते म्हणाले. "जुनी पद्धत. नोकोने डोक्याला डकवलेली दिसते."

"मग डोक्याकडून वाचा."

"ते मी त्याला कसं सांगू, अउसी? यंत्र आहे ते."

मंगळवारी खाबोकडे गेलो. त्याचं यंत्र नवं, चांदीसारखं, वर कापड झाकलेलं. त्याने कापड अशा अदबीने काढलं की मला वाटलं थडगं इथेच उघडतंय. काचेवर अक्षरं आली, पण आमच्या भाषेतलं टोपीवालं एस आलं की त्याच्या जागी प्रश्नचिन्ह. शब्द कमी, प्रश्नचिन्हंच जास्त. शिवाय एका मैफलीच्या सात धुना सात ठिकाणी विखुरलेल्या, कारण प्रत्येकीवर वाजवणारा वेगळा लिहिलेला.

"कचरा भरलाय सगळा," खाबो म्हणाला. तो भराभर खाली सरकवत गेला. "कचरा. कचरा. इथे तर नाव घालायचंच राहिलंय. कचरा."

"तुझं यंत्र धड वाचत नाही," मोथिबेदी म्हणाले.

"माझं? तुमचं तर अडाणीच आहे!"

"नाचता येईना अंगण वाकडं."

"तुमचं अंगण तरी कुठं आहे? तुम्ही शेपटीला धरून नाचताय!"

चहा गार होईपर्यंत ते भांडले. माझी धून बाजूलाच राहिली. मी उठून घरी आले आणि डबी आमच्या गाडीला लावली. गाडीने प्रत्येक नावाची पहिली आठ अक्षरं दाखवली आणि मान टाकली. म्हटलं, ओळीने ऐकत बसू. पण गाडी बंद करून चालू केली की ती पुन्हा पहिल्या गाण्यापासून सुरू करते. ते पहिलं गाणं मला आता झोपेतही येतं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. वर्षभर रडले नव्हते अशी रडले. त्याचा आवाज गेला, कपडे वाटून टाकले, आणि उरलेली एक धून त्यानेच अशी पुरून ठेवली की कुणालाच काढता येऊ नये. मला त्याचा भयंकर राग आला.

गुरुवारी माझी भाची आली. तेबात्सो, माझ्या भावाची मुलगी. ड्रायव्हिंग शिकवते, त्यामुळे माणसं घाबरली तरी तिचा आवाज बदलत नाही. तिच्या लॅपटॉपने डोकं, शेपटी, टोपी सगळं वाचलं. मोथिबेदी आणि खाबो तिच्या मागे उभे राहिले. आता तरी नोकोचं गुपित फुटणार म्हणून दोघांनी चष्मे पुसून ठेवले होते.

तेबात्सो वाचायला लागली, "कलाकार, मोथिबेदींचे नवे दात."

तिने पुढच्या ओळी घेतल्या.

"कलाकार, खाबोची सासू जिना चढतेय. कलाकार, गाढवाला बढती मिळाली. कलाकार, पाद्रीबुवा उपाशी आहेत."

"हे काय आहे?" मोथिबेदींनी तोंडावर हात ठेवून विचारलं. "माझे दात कुठल्या धुनेला लावलेत?"

"माझी सासू हयात आहे अजून!" खाबो म्हणाला.

"कलाकार, पोट दुखणारी बकरी," तेबात्सो वाचत होती. "कलाकार, तुझा मेव्हणा दाढ उपटून घेतोय. म्हणजे माझे बाबा का, आत्या? आत्या?"

मी खुर्चीत बसले. कपडे वाळत घालताना, कांदा चिरताना, पाठमोरी उभी राहून जे जे त्याच्या तोंडावर फेकलं होतं, ते सगळं त्याने लक्षात ठेवलं होतं. कुठल्या धुनेला काय म्हटलं तेही. दोन हिवाळे तो टेबलाशी बसून हसत होता ते याला. मला वाटायचं तो मंडळाला फसवतोय. आणि मी त्याला म्हणायची, त्या डबीतून तोंड काढून जरा माझ्याशी बोल.

"माझं आहे ते," मी म्हटलं. "सगळं माझं आहे."

"दातांचंही?" मोथिबेदींनी विचारलं.

"दातांचं तर आहेच."

तेबात्सो गालात हसली. "मग सोपं झालं. त्या खोकल्याच्या धुनेला तू काय म्हणाली होतीस ते सांग, मी शोधते."

सोपं कुठलं? पंचवीस वर्षांची तोंडाची टकळी, त्यातलं एक वाक्य आठवायचं. मी बकऱ्या सांगितल्या, मेव्हणे सांगितले, पाद्रीबुवांचं सगळं कुटुंब सांगितलं. ती शोधायची, वाजवायची, धून दुसरीच निघायची. खाबो प्रत्येक धुनेचा सॅक्सोफोन ओळखत होता आणि प्रत्येक वेळी मोथिबेदी त्याला चूक ठरवत होते. मी दोघांना कोंबड्यांना दाणे टाकायला अंगणात पाठवलं. आमच्याकडे कोंबड्या नाहीत.

शुक्रवारी बकरा आला, बायका आल्या, कांदे आले. कांदे चिरता चिरता मला रस्ता आठवला. माझ्या माहेरच्या गावाहून, मशाशानेहून, आम्ही परत येत होतो, माझ्या आईला मातीत ठेवून. नोको गाडी चालवत होता. बराच वेळ काही लावलं नाही त्याने. मग हळूच ती धून लावली. खोकला आला आणि गेला. धून संपल्यावर सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "कोण वाजवतंय?" आणि लगेच त्याने जीभ चावली. माझ्यात थट्टा उरली नव्हती. मी खिडकीबाहेर बघत त्याला खरं उत्तर दिलं होतं. पंचवीस वर्षांत तेवढं एकदाच.

सुरी हातात घेऊनच मी तेबात्सोकडे गेले आणि ते शब्द तिला सांगितले. तिने टाइप केले. एकच धून आली. तेबात्सोने ती लावली. आधी एकटं तंतुवाद्य, मग सॅक्सोफोन, मग तो माणूस खोकला.

खाबोने पडद्याजवळ येऊन वाचलं. मंगळवारी नाव घालायचं राहिलंय म्हणून त्याने ओलांडली होती ती हीच.

"माफ कर, अउसी," तो म्हणाला. मी त्याला कांदे चिरायला बसवलं.

शनिवारी सकाळी थडग्याशी सगळे जमले. खाबोने आपलं चांदीचं यंत्र कापडासकट आणलं होतं. दिरांनी थडग्यावरचं कापड उचललं, दगडावर नोकोचं नाव दिसलं आणि धून सुरू झाली. निळ्या टोप्या छातीशी धरून मंडळ उभं होतं. पाद्रीबुवांनी डोळे मिटले. खोकला आला तेव्हा मोथिबेदींनी मागे वळून रागाने पाहिलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

धून संपली. प्रार्थना व्हायची होती, पण सवय कुठली जाते? मागून कुणीतरी सालाबद्दल पुटपुटलं. खाबोने एक नाव घेतलं, दुसऱ्याने ते खोडलं, तिसऱ्याने दोघांना मूर्खात काढलं. कुणालाच सांगता येईना. खरी चिठ्ठी तर नोकोने केव्हाच काढून टाकलेली. नोकोची एक धून अख्ख्या मंडळाला ओळखता आली नाही, आणि तीही त्याच्याच थडग्याशी. त्याला केवढा आनंद झाला असता.

"ग्लास कुणी धुवायचे मग?" तेबात्सोने विचारलं.

"सगळ्यांनी," मोथिबेदी म्हणाले. मग ते माझ्याकडे वळले. आवाज उतरला होता. "अउसी, आता तरी सांग. हे कोण वाजवतंय?"

यंत्राच्या काचेवर अजून मी तेव्हा गाडीत म्हटलेले तेच शब्द होते. टोपीवालं एकही अक्षर नव्हतं त्यांत, म्हणून खाबोच्या यंत्रालाही धड वाचता आले होते. मला बघायची गरज नव्हती.

"माहीत नाही," मी म्हटलं. "परत लाव."