कड्यावरची सवलत

ऑफिसात तिला सगळे भागूबाई म्हणत. नाव आत्याने ठेवलेलं, भित्री भागूबाईतलं. एकदा ऑफिसची खिडकी बाहेरून पुसताना आत्याने काचेपलीकडून तशी हाक मारली आणि ऑफिसाने ती उचलली. नाव चुकीचं होतं असं मात्र कुणी म्हणू नये. भागूबाई स्टुलावर चढून दिवासुद्धा बदलत नसे. सहाव्या मजल्यावर चार वर्षं नोकरी केली ती खिडकीकडे पाठ करून. आणि अशा बाईचं काम काय, तर उड्या! कॉम्प्युटरच्या खेळात एक खार होती. हवेत तरंगणाऱ्या दगडी ओट्यांवरून उड्या मारत तिने डोंगराच्या माथ्यावर जायचं. ती किती उंच उडेल, किती लांब जाईल, हे भागूबाई ठरवायची.

तर गेले दोन आठवडे या खारीने सगळ्यांना रडवलं होतं. जो खेळायला बसे तो तिसऱ्या दरीपाशी कंट्रोलर ठेवून उठे. "मजा नाही, नुसती भीती वाटते," एवढंच सांगे. शेवटी भागूबाईला वाटलं, जिला भीती ठाऊकच नाही अशा माणसाला खेळवावं. आत्यापेक्षा योग्य माणूस कोण? ती बावीस वर्षं दोराला बांधलेल्या फळीवर बसून इमारतींच्या काचा पुसत होती. आज ती याच इमारतीच्या मागच्या बाजूला उतरणार होती.

जेवणाच्या सुट्टीत आत्या येऊन बसली. "हा खेकडा कसा धरायचा गं?" म्हणत तिने कंट्रोलर हातात घेतला. पहिल्या दोन दऱ्या हसत-खिदळत ओलांडल्या. तिसरीपाशी खार पडली. पुन्हा पडली. अकराव्यांदा पडली तेव्हा आत्याने कंट्रोलर टाकून टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"पाय गेले गं माझे," ती पुटपुटली. "खाली काय आहे तेच कळत नाही."

तिने तळवे साडीला पुसले. एकही टोमणा न मारता ती निघाली, आणि जिना चढताना तिने कठडा धरला. भागूबाईने ते पाहिलं. आत्याने आजवर कधी कठडा धरला नव्हता. आपण हिचं काय करून ठेवलं? आणि थोड्या वेळात ही दोरावर लटकणार!

खाली काय आहे ते कळत नाही. भागूबाई ते वाक्य डोक्यात घोळवत बसली. तिला आत्याची बादली आठवली. फळीवर बसण्याआधी आत्या पातळ दोरीने रिकामी बादली थेट जमिनीपर्यंत सोडायची. "बादली टेकली तिथे मी टेकणार," असं म्हणायची, आणि ते बघितल्याशिवाय पाय उचलायची नाही.

भागूबाईने कपाळावर हात मारला. खारीचीही एक बादली होती की! सुरुवातीला खारीच्या बरोब्बर खाली एक काळा ठिपका पडायचा. खार कितीही उंच जावो, ठिपका खालच्या दगडावर दिसायचा, म्हणजे उतरणार कुठे ते आधीच कळायचं. दोन आठवड्यांपूर्वी चित्रं काढणारा म्हणाला, सूर्य डावीकडे आहे, सावली सरळ खाली कशी पडेल? बोलणं खरं होतं. खऱ्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून शहाण्या भागूबाईने ठिपका काढून टाकला. तेव्हापासून खारीची सावली शास्त्रशुद्धपणे उजवीकडच्या दरीत पडत होती, आणि तिच्यामागोमाग खार.

ठिपका परत आणायला पंधरा मिनिटं लागली. घड्याळात साडेतीन वाजले होते. लॅपटॉप आणि कंट्रोलर छातीशी धरून भागूबाई गच्चीकडे पळाली.

गच्चीवर ती आजवर आली नव्हती. दार उघडताच वारा अंगावर आला आणि ती उंबऱ्यातच थांबली. समोर कठड्यावर आत्या बसली होती, कमरेला पट्टा, एक पाय आत, एक बाहेर.

मुकादम वैतागला होता. "अर्धा तास झाला, पुतळा झालाय यांचा. ना खाली जातात ना आत येतात."

"आत्या," भागूबाई दारातूनच ओरडली, "दोन मिनिटं आत ये. मी चुकले होते. खेळात चूक होती, तुझ्यात नव्हती."

आत्याने सावकाश पाय आत घेतला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. दोघी पाण्याच्या टाकीला टेकून बसल्या. तिसरी दरी आली. खार उडाली आणि तिच्याखाली काळा ठिपका दगडावर सरकत गेला.

"अगं, ही तर बादली!" आत्या म्हणाली आणि खार ठिपक्यावर अलगद उतरली. मग चौथी दरी, पाचवी. आत्याच्या गालांवर रंग आला. एका ठिकाणी ती हसण्याच्या नादात उशिरा उडाली, तरी खार पलीकडे पोचली.

"थांब. मी पडलेच होते की. पाय हवेत होता माझा."

भागूबाई ओशाळली. "ती सवलत असते, आत्या. कड्यावरून पाय सुटला तरी डोळ्याचं पातं लवेपर्यंत आम्ही धरतो की पाय दगडावरच आहे. तेवढ्यात उडी मारली तर चालते. सांगत नाही कुणाला. खेळणाऱ्याला वाटतं, आपणच तरबेज."

"लबाड! आणि पडले तर?"

"तर पुन्हा त्याच ओट्यावर."

"म्हणून मजा येते होय," आत्या म्हणाली. तिने मुद्दाम खारीला दरीत ढकललं आणि खार परत आली तशी ती लहान मुलीसारखी हसली. मग कंट्रोलर भागूबाईच्या मांडीवर ठेवून ताडकन उठली. "चला मुकादम, उतरते."

भागूबाईला हायसं वाटलं. जेमतेम क्षणभर. मग तिची नजर आत्याचा पट्टा आणि फळी दोन्ही बांधलेल्या दोराकडे गेली. दोर एकच होता. लोखंडी कडीतून गेलेला, मधे विरलेला, एकुलता एक दोर. तो सुटला तर? खाली ठिपका पडून काय उपयोग? आत्याला कड्यावर अडवून धरणारी एकच गोष्ट होती, तिची भीती, आणि ती आत्ताच आपण मोठ्या हौसेने घालवली.

आत्याने बादली सोडली. ती टेकल्याचा बारीक आवाज खालून आला. तिने एक पाय कठड्यापलीकडे टाकला.

भागूबाई कशी उठली ते तिचं तिलाच कळलं नाही. ती कठड्यापर्यंत गेली, खाली तिला सहा मजले दिसले, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि तिने दोन्ही मुठींनी आत्याचा पट्टा पकडला.

"आत्या, जाऊ नको. तुला भीती वाटली ते बरोबर होतं. तू पडलीस तर मला तुला परत ओट्यावर ठेवता येणार नाही."

"अगं, बावीस वर्षं याच एका दोरावर..."

"मला भीती वाटते," भागूबाई म्हणाली आणि रडायलाच लागली. पण मुठी सोडल्या नाहीत.

आत्याने त्या मुठींकडे पाहिलं. स्टुलावर न चढणारी ही पोरगी कठड्याला पोट टेकून उभी होती. मग तिने पाय आत घेतला, फळीवरची दुसरी बादली उपडी घातली आणि तिच्यावर ठाण मांडून बसली.

"मुकादम, दुसरा दोर आणा."

"इतकी वर्षं लागला नाही तो?"

"त्या खारीला पडली की नवा जन्म मिळतो. तरी हिने तिला सवलत ठेवलीय. मला तर एकच जन्म आहे, आणि सवलत तुम्ही कुठे ठेवलीय ते दाखवा. आणा दोर. तोवर मी उतरत नाही."

मुकादम काहीबाही पुटपुटत जिन्याकडे गेला. त्याच्या पावलांचा आवाज एकेक मजला खाली गेला आणि थांबला. आत्याने लॅपटॉप ओढून घेतला.

"आता सोड की गं पट्टा," ती म्हणाली. "बसलेय मी. एका हाताने खेकडा धरता येत नाही."

"दोर येऊ दे," भागूबाई म्हणाली.