नॉटिलस माझ्या शेजारी आला तेव्हा

मी एक जुना शंख आहे मित्रांनो, इतका जुना की आता पुरता दगड झालो आहे. माझ्या कुळाला अमोनाइट म्हणतात. अंबरनाथच्या एका शाळेत, प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात मी राहतो. शेजारी नॉटिलस नावाच्या समुद्री जीवाचा शंख आहे. मला त्याचा हेवा वाटतो. का, तेच सांगतो.

सोळा कोटी वर्षांपूर्वी, आज जिथे कच्छ आहे तिथे समुद्र होता. शंखाच्या कप्प्यांत हवा आणि पाणी कमीजास्त करत मी त्यात तरंगत असे. आमच्यात नाण्याएवढे होते, ताटाएवढे होते, कुणी काटेरी, कुणी गुळगुळीत. त्याही आधी दोनदा समुद्रातलं जीवन जवळजवळ संपलं होतं. दोन्ही वेळा आमचे मोजकेच पूर्वज उरले आणि त्यांच्यापासून पुन्हा शेकडो नव्या जाती झाल्या. नॉटिलसचे पूर्वजही तेव्हा होते. थोडे आणि संथ. त्यांच्याकडे आम्ही ढुंकूनही पाहत नसू.

मी मेलो, गाळात रुतलो, गाळाचा खडक झाला. कॉलेजच्या सहलीला आलेल्या शालन नावाच्या मुलीने मला त्यातून काढलं. पुढे ती या शाळेत विज्ञान शिकवू लागली आणि मलाही घेऊन आली. उत्क्रांतीचा धडा आला की शालन मॅडम मला टेबलावर ठेवायच्या आणि मुलं माझ्या कंगोऱ्यांवरून बोट फिरवायची. ते माझे सुखाचे दिवस.

मग श्यामकांत नावाच्या आजोबांनी शाळेला नॉटिलस भेट दिला. तरुणपणी ते बोटीवर नोकरीला होते, तेव्हा परदेशातल्या कुठल्याशा बंदरात घेतलेला. पांढराशुभ्र, तांबूस पट्ट्यांचा, आतून मोत्यासारखा. त्याच्याखाली अंथरायला मॅडमनी उल्हासनगरहून निळं सॅटिन आणलं. मी इतकी वर्षं नुसत्या फळीवर होतो, माझ्यासाठी कधी चिंधीसुद्धा आली नव्हती. मुलं मला बाजूला सरकवून त्याला बघू लागली.

तेही सहन केलं असतं. पण एकदा मॅडम वर्गात म्हणाल्या की नॉटिलस आजही समुद्रात आहेत, अमोनाइट मात्र साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सगळे संपले. मित्रांनो, मला हे माहीत नव्हतं. दगडात पडल्या पडल्या मी धरून चाललो होतो की समुद्रात माझं कुणीतरी आहेच. आणि उरला कोण, तर तो!

राजसी नावाच्या मुलीने विचारलं, नॉटिलस जास्त हुशार होते का? तिच्या प्रश्नामागे घरचं दुखणं होतं. तिचे वडील, सुदाम, एमआयडीसीतल्या एका मोठ्या कंपनीत नावाजलेले कारागीर. ती कंपनी बंद पडली. त्यांच्या भावाचं शहाडला बॅगा शिवायचं छोटंसं दुकान मात्र चालूच राहिलं. तेव्हापासून सुदामनी भावाकडे जाणं सोडलं होतं.

मॅडमनी समजावलं. आकाशातून एक प्रचंड दगड आदळला. आपल्या भागात लाव्हा वाहत होता, या शाळेखालचा काळा कातळ त्याचाच. ऊन झाकलं गेलं, पाण्याच्या वरच्या थरातलं अन्न संपलं. अमोनाइटची पिल्लं अगदी बारीक, त्याच थरात वाढणारी, आणि होत हजारोंनी. म्हणून तर ते दर वेळी सावरत. या वेळी तीच आधी मेली. नॉटिलसची पिल्लं थोडी, पण मोठी, आणि खोल पाण्यातली. ती तगली असावीत, असं शास्त्रज्ञांना वाटतं.

"यात हुशारी नाही गं," मॅडम म्हणाल्या. "आधी ज्यामुळे ते वाचत आले, त्याचा या वेळी उपयोग झाला नाही, एवढंच."

विज्ञान प्रदर्शनाला राजसीने हट्ट करून वडिलांना आणलं. मला त्यांच्या हातात दिलं आणि हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ मला उलटसुलट करत राहिले.

"म्हणजे यांचं काही चुकलं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा."

त्या रविवारी ते शहाडला भावाकडे जेवायला गेले, असं राजसीने नंतर मॅडमना सांगितलं. माझा हेवा मात्र तसाच राहिला.

त्याच प्रदर्शनात एका बाईंनी नॉटिलस हातात घेऊन विचारलं, असा कुठे मिळेल, शोकेसमध्ये मस्त दिसेल. मॅडम म्हणाल्या की या शंखासाठीच त्यांना पकडून मारतात. ते उशिरा वयात येतात, अंडी थोडीच घालतात, त्यामुळे कित्येक ठिकाणी कमी होत चाललेत. आपल्याकडे तर त्यांच्या खरेदी-विक्रीला कायद्याने बंदी आहे. श्यामकांत आजोबा तिथेच बसले होते.

"मी घेतला तेव्हा हे ठाऊक नव्हतं," ते हळूच म्हणाले.

खरं सांगू, क्षणभर मला बरं वाटलं. आता तोही माझ्यासारखाच होणार. मग डोळ्यांपुढे खोल, गार पाणी आलं. तिथे या क्षणी एखादा नॉटिलस पाण्याची पिचकारी मारत हळूहळू वर येत असेल. तो गेला, की अंगावर असा शंख घेऊन समुद्रात तरंगणारं कुणीच राहणार नाही.

आमच्यावर आलेलं संकट थोपवायला तेव्हा कुणी नव्हतं. त्याच्यासाठी तुम्ही आहात. दुकानात असा शंख दिसला तर हात लावू नका, घरात कुणी घेऊ म्हणालं तर नको म्हणा. तो समुद्रात जिवंत राहू दे, मित्रांनो, आणि मला त्याचा हेवा वाटत राहू दे.