महारानीचं वजन

मी पाट बोलतोय. जेवायला बसायचा नव्हे, उभं राहायचा. पांढऱ्या प्लॅस्टिकचा, दोन पावलं ऐसपैस मावतील एवढा. खाली चार पाय आणि चारही पायांत वजनाचा एकेक लहान काटा. माणूस माझ्यावर चढला की त्याचा भार कुठल्या पायावर किती आहे हे मला कळतं. ते मी टीव्हीखालच्या यंत्राला सांगतो आणि यंत्र त्याचा खेळ करतं. डावीकडे झुकलात की पडद्यावरची होडी डावीकडे जाते, उजवीकडे झुकलात की उजवीकडे. मधोमध स्थिर राहिलात तर जाळ्यात मासे येतात. तोल गेला की होडी उलटते आणि काठावरचं बदक हसतं. ते बदक मला कधीच आवडलं नाही.

माझ्यासोबत जन्मलेले बरेचसे पाट धडधाकट मुलांच्या घरी गेले. मुलं त्यांच्यावर चार दिवस नाचली आणि पाट पलंगाखाली गेले. मी क्लातेन गावाच्या बाजूला एका लहानशा दवाखान्यात आलो. ज्यांचे पाय रुसलेत त्यांना तिथून मला काही महिने घरी नेऊ देतात. व्यायाम म्हटलं की माणसाला झोप येते. खेळ म्हटलं की तोच माणूस घाम गाळतो. लहानांपेक्षा मोठी माणसं जास्त चिडून खेळतात, हेही मी पाहिलंय.

माझ्यावर पहिले उभे राहिले ते पाक जुमादी, म्हणजे जुमादीकाका, शिंपी. अर्धांगवायूने त्यांची एक बाजू गेली होती. शिवणयंत्राचा पायटा दाबावा तसे ते मला दाबायचे. एके दिवशी ते आले नाहीत. मग त्यांच्या मुलीने मला ओल्या फडक्याने पुसलं, खोक्यात घातलं आणि परत दिलं. यंत्राला मात्र कुणी पुसलं नाही.

या खेळात प्रत्येकाच्या नावाची एक बाहुली असते. ती होडीच्या धक्क्यावर उभी राहून आपल्या माणसाची वाट बघते. माणूस काही दिवस आला नाही की ती खाली बसते. आणखी काही दिवस गेले की मान खाली घालते. पाक जुमादींची बाहुली मान खाली घालून बसलेली होती. तशीच ती माझ्याबरोबर म्बाह कार्सीच्या घरी आली.

म्बाह म्हणजे आजी. म्बाह कार्सी जामूवाली. हळद, चिंच, आल्याचे काढे बाटल्यांत भरायचे, बाटल्यांची टोपली कापडाच्या झोळीत घालून एका खांद्यावरून पाठीवर घ्यायची आणि सकाळभर गल्ल्या पालथ्या घालायच्या, हे तिचं आयुष्य. घरात तिची नात, धाकटा मुलगा आणि त्याची नवी बायको लास्त्री. नातीची आई तैवानला कुणा परक्या म्हाताऱ्याची सेवा करत होती. बाप पोरीचं नाव ठेवून निघून गेला होता. नाव मात्र दणदणीत ठेवलं होतं: महारानी कंचना देवी.

महारानीला ताप आला होता. ताप गेला, जाताना पायांतलं बळ घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, मज्जातंतूंचं दुखणं आहे. उजवा पाय लवकर परतेल, डाव्याला खेळवावं लागेल, आणि या वर्षात खेळवला नाही तर तो कायमचा लंगडा राहील.

पहिल्या दिवशी ती माझ्यावर उभी राहिली तेव्हा सगळा भार उजवीकडे. डाव्या मागच्या कोपऱ्यावर काहीच नाही. पाऊल होतं, वजन नव्हतं.

"बुलिक, हे कोण गं?" तिने पडद्यावरच्या पाक जुमादींकडे बोट दाखवलं. बुलिक म्हणजे काकू, लास्त्री. घरात रिमोट फक्त तिलाच कळायचा.

"आधीचे पाहुणे असतील."

"मान का खाली घातलीय?"

"मोबाइल बघत असतील."

पोरगी हसली. त्या हसण्यात तिचा तोल गेला आणि क्षणभर डाव्या कोपऱ्यावर भार आला. मी तो लगेच कळवला. पहिला मासा असा मिळाला.

पुढे ती चांगली खेळू लागली. खुर्ची धरणं सुटलं. दवाखान्यातून मास हेंद्रो, म्हणजे हेंद्रोदादा, यायचे, व्यायाम शिकवणारे. ते खेळ थोडा अवघड करून जायचे. पण मध्येच पुन्हा ताप आला, अंथरूण आलं, आणि म्बाहचा धीर सुटला.

"नाव जड झालंय पोरीला," ती म्हणाली. "घरात बसायला धड खुर्ची नाही आणि महारानी! एवढंसं अंग, ते कसं पेलणार?"

आमच्याकडे यावर एकच उपाय असतो. तांबडी-पांढरी खीर शिजली. गल्लीतली माणसं आली, मशिदीत बांग देणारे मोदिन दुआ म्हणून गेले, आणि पोरीचं नाव बदललं. आमच्या पाच दिवसांच्या बाजारचक्रातल्या पोन दिवशी जन्मली म्हणून पोनियेम. जुनं नाव आता कुणी उच्चारायचं नाही. हाक ऐकली की दुखणं परत दारात येतं.

"पोनियेम?" पोरगी रडायला आली. "हे भांडी घासणाऱ्या बाईचं नाव आहे!"

"भांडी घासणारी बाई चालते," म्बाह म्हणाली.

मग तिने सुनेला सांगितलं, यंत्रातही नाव बदल. लास्त्रीला नाव बदलणं सापडलं नाही. तिने जुनं तसंच ठेवून नवं नाव घातलं. नवऱ्याने हळूच विचारलं, "हे चालतं का असं?" ती म्हणाली, "मला काय माहीत? तुझ्या आईला नाही म्हणायला मला अजून वर्षभर लागेल."

चूक झाली ती इथे. यंत्राच्या लेखी पोनियेम नवी होती. त्याने तिला अगदी पहिल्यापासून सुरू केलं. खुर्ची धरा, नुसतं उभं राहा, शाब्बास. पोरगी रोज उभी राहायची, रोज तिला शाब्बासकी मिळायची, आणि माझा डावा मागचा कोपरा दिवसेंदिवस हलका होत चालला होता. मला ते कळत होतं. मी कळवतही होतो. पण यंत्र म्हणत होतं, नव्या माणसाला एवढं पुरे.

आणि ती दुसरी, महारानी नावाची बाहुली, धक्क्यावर उभी होती. दोन वेण्या, पिवळा ब्लाउज. ती हात हलवायची.

एका संध्याकाळी यंत्र सुरू केलं, तर आतून बाईचा गोड आवाज आला, "महारानी, आज येणार ना?"

म्बाह आलं ठेचत होती. तिचा बत्ता वरच राहिला.  मग ती उठली आणि तिने आपली एक जुनी झोळी चौघडी करून टीव्हीचा आवाज येतो तिथे टाकली. दुसऱ्या दिवशी आवाज झोळीतून आला. दबका, जवळून आल्यासारखा. ते जास्तच वाईट होतं.

काही दिवसांनी पिवळ्या ब्लाउजातली पोरगी खाली बसली. बसली ती पाक जुमादींच्या शेजारी. मग तिची मान झुकली. आमची पोरगी त्या दिवशी जेवली नाही.

"बुलिक, ती मेली का?"

"कोण?"

"मी."

लास्त्रीने रिमोट खाली ठेवला. ती पोरीच्या वेण्या सोडून पुन्हा घालत बसली. 

आता जे सांगतो त्यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मगरिबची, दिवस मावळतानाच्या नमाजाची वेळ होती. आमच्याकडे त्या वेळी मुलांना घरात घेतात, दारं लावतात. सगळे आत नमाजाला गेले होते, यंत्र बंद करायचं राहून गेलं होतं. माझ्यावर कुणी नव्हतं. आणि मला भार जाणवला. अगदी थोडा. सगळा उजवीकडे. मांजर असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण मांजराला चार पाय असतात. मला दोनच कळले. माझं काम वजन कळवण्याचं, ते मी कळवलं. पडद्यावर पिवळ्या ब्लाउजातल्या पोरीने मान वर केली.

आमची पोरगी दाराशी भिंत धरून उभी होती. तिने ते पाहिलं. ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "थांब, मी येते."

दुसऱ्या दिवशी मास हेंद्रो खोकं घेऊनच आले.

"म्बाह, पाट न्यायला आलोय. पोरगी खेळतच नाही, इतके आठवडे झाले. दुसरे वाट बघतायत."

"मी रोज खेळते!" पोरगी म्हणाली.

"आमच्याकडच्या नोंदीत महारानीच्या नावावर काहीच नाही, बाळा."

त्यांच्या तोंडून नाव निघालं तशी म्बाहने कानांवर हात ठेवले. मास हेंद्रो बघतच राहिले.  शेवटी लास्त्री बोलली. खाली बघत, हळू आवाजात, पण खीर, मोदिन, पोनियेम सगळं सांगून मोकळी झाली.

मास हेंद्रोंनी पोरीला माझ्यावर उभं केलं आणि खुर्ची काढून घेतली. होडी लगेच उलटली. बदक हसलं.

"पळणाऱ्या पोरीला परत पाळण्यात घातलीत," ते म्हणाले. ते चिडले होते, पण त्यांनी खोकं उघडलं नाही. "ठीक आहे. जुन्या नावाचं सगळं नव्या नावावर टाकतो. अवघड खेळही. आणि जुनं पुसून टाकतो."

"नको! तिला पुसू नका!" पोरगी किंचाळली.

म्बाहही पुढे आली. "पुसलं तर त्यात बसलेलं कुठे जाईल?"

"काय बसलंय त्यात?"

"दुखणं. घर पाडलं की भाडेकरू शेजारीच शिरतो. शेजारी कोण आहे? ही पोरगी." तिने चपला काढल्या. "ते नाव मला दे."

"म्बाह, तुम्ही महारानी?"

"का? शोभत नाही?"

तिला कुणी हसलं नाही. ती माझ्यावर चढली. आयुष्यभर रस्ता तुडवलेले पाय. दोन्हीकडे भरदार, सारखं वजन. तसं वजन मी कधी पेललं नव्हतं.

पुन्हा खीर शिजली. गल्लीत आठवडाभर करमणूक झाली. "महारानी, एक ग्लास हळद-चिंच! मुकुट जरा बाजूला ठेवा!" म्बाह काढा ओतायची आणि म्हणायची, "उद्यापासून वाकून मागायचं." सकाळी पोनियेम खेळायची, अवघड खेळ, खुर्चीशिवाय. संध्याकाळी म्बाह. तिला मासे कधी जमले नाहीत. ती बदकाला शिव्या द्यायची, "हसतोस काय मेल्या, तुझा रस्सा करीन."

पोरीचा डावा पाय परत आला. रमजान सरायच्या आत ती मशिदीपर्यंत चालत गेली, कुणाचा हात न धरता. म्बाह दारात उभी राहून बघत होती. त्याच संध्याकाळी ती माझ्यावर चढली, आणि माझा डावा मागचा कोपरा हलका लागला.

मला तो हलकेपणा ओळखीचा होता. पाऊल आहे, वजन नाही.

मास हेंद्रो म्हणाले, वय झालं, एकाच खांद्यावर इतकी वर्षं ओझं वाहिलं, कमरेतली नस दबली असेल. असेलही. मी पाट आहे, वजन सांगतो, कारण सांगत नाही. म्बाहने मात्र एवढंच म्हटलं, "आलं. इकडेच आलं," आणि बरेच दिवस वाट पाहिलेला पाहुणा पोचावा तशी ती निवांत झाली.

पोरीने हे ऐकलं. काल मगरिबच्या आधी म्बाह खुर्ची धरून माझ्यावर उभी होती, तेव्हा ती समोर येऊन थांबली.

"म्बाह, माझं नाव परत दे."

"तू पोनियेम. जा, खेळ."

"ते अर्धं तरी दे."

"नावाचा कधी अर्धा भाग होतो का, वेडे?"

पोरीने ऐकलं नाही. ती माझ्यावर चढली, म्बाहच्या पुढ्यात, तिला पाठ लावून, आणि म्हातारीचे दोन्ही हात आपल्या खांद्यांवर ओढून घेतले. म्बाह तिला ढकलत होती, "उतर, उतर, येईल ते तुझ्यात," आणि ढकलता ढकलता तिने खुर्ची सोडून दिली होती. यंत्राने इशारा दिला: एका वेळी एकानेच उभं राहावं. कुणी उतरलं नाही. झोळीतून आवाज आला, "महारानी?"

"आहे," दोघी एकदम म्हणाल्या.

मी भार मोजला. चार पावलं होती. कुठली कुणाची हे मी यंत्राला सांगितलं नाही, पहिल्यांदाच. नुसतं एकच वजन कळवलं. होडी हलली नाही.

उद्या-परवा दवाखान्यातून मला न्यायला येतील. पोरगी बरी झाली, रांगेत दुसरं कुणी आहे, ते बरोबरच आहे. माझी एवढीच विनंती आहे की थोडं उशिरा या. आणि आलात, मला उचललंत आणि कुणीच उभं नसताना मी जड लागलो, तर घाबरू नका. घाई करू नका. आधी मला हळूच खाली ठेवा, आणि वर जे असेल त्याला उतरायला वेळ द्या.