हातचं राखून

फळ्यावर एक खोकं काढून त्याने मार्करला टोपण लावलं आणि तो खुर्चीत येऊन बसला.

"पुढे?" साहेबांनी विचारलं.

"पुढचं रुजू झाल्यावर," तो म्हणाला आणि आपल्याच धिटाईने त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

ही अक्कल बायकोची. सकाळी त्याच्या शर्टाला इस्त्री करता करता तिने बजावलं होतं, "अहो, सगळं ओतून येऊ नका. हातचं राखून बोला." तिचं चूक नव्हतं. मोठमोठ्या कंपन्यांना हिशेबाची आणि गोदामाची सॉफ्टवेअरं बसवून देण्यात त्याची हयात गेली होती. उन्हाळ्यात नोकरी गेली आणि तेव्हापासून तो नुसत्या मुलाखती देत हिंडत होता. दोन ठिकाणी शेवटच्या फेरीत 'समजा अशी अडचण आहे' म्हणून त्याला कोडं घातलं गेलं आणि त्याने ते जीव तोडून सोडवलं. नंतर कानावर आलं की कोडं खरं होतं, गिऱ्हाईकही खरं होतं, त्याचं उत्तर जसंच्या तसं तिकडे पोचलंही होतं. नोकरी तेवढी काल्पनिक होती.

आजचं कोडंही 'समजा'नेच सुरू झालं होतं. समजा, एका गोदामात दर महिन्याला माल कमी भरतो. साहेबांशेजारी बसलेल्या तरुण कन्सल्टंट मुलीने पडद्यावर आकडे दाखवले. थोड्याच वेळात त्याला खऱ्या कारणाचा वास आला. तूट कुठे चौदाची, कुठे सव्वीसची. विषम आकडा औषधालाही नव्हता. "चोर काही जोडीजोडीने चोरत नाही," असं तो म्हणाला तेव्हा मुलीचं पेन जागच्या जागी थांबलं होतं. मग त्याने ते खोकं काढलं आणि तिथेच आवरतं घेतलं.

साहेब आता फोन बाजूला ठेवून पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघत होते.

"म्हणजे कारण तुम्हाला कळलंय."

"कळलंय."

"आणि सांगणार नाही?"

"सांगेन की. इथला पगार सुरू झाला की."

साहेब हसले. सौदा ही त्यांना समजणारी गोष्ट होती. "हरकत नाही. ऑफर निघायला दोन आठवडे जातात, आमचे नियम म्हणजे काय विचारू नका. पण माझ्याकडून पक्कं समजा."

पक्कं. हा शब्द घरी कसा सांगायचा याची त्याने मनात जुळवाजुळवही सुरू केली. 'माझं ऐकलंत म्हणून' हे बायको पुढे महिनाभर ऐकवणार होती, आणि तो ते खुशाल ऐकून घेणार होता.

"सर, पण दोन आठवडे..." मुलगी बोलून गेली. "मावशींवरची तक्रार उद्याच पोलिसांत जातेय."

साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने मान खाली घातली.

"कोण मावशी?" त्याने विचारलं.

"गोदाम सांभाळणारी एक बाई आहे, असं समजा," साहेब म्हणाले.

"सगळे त्यांना मावशीच म्हणतात," मुलगी टेबलाकडे बघत म्हणाली. "किल्ल्या त्यांच्याकडे असायच्या. सॉफ्टवेअरमध्ये चूक नाही असं आपणच गिऱ्हाईकाला लिहून दिलं, मग चोरी त्यांचीच ठरली. घरी बसवलंय त्यांना."

त्याला एकदम फार थकल्यासारखं झालं. त्या कुठल्या कोण बाईचा त्याला चक्क राग आला. आजचाच मुहूर्त सापडला हिला! आत्ता उत्तर दिलं की साहेब हसून निरोप देणार आणि दोन आठवड्यांनी काहीही येणार नाही, हा रस्ता त्याच्या पायाखालचा होता. समोरचं पाणी तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग उठला आणि फळ्यापाशी गेला.

"एक पुरवठादार खोक्यात बारा नग पाठवतो, दुसरा दहाच. मालाचा क्रमांक एकच असल्यामुळे सॉफ्टवेअर दोघांचेही बाराच धरतं. असं खोकं आलं की जे कधी आलेच नाहीत ते दोन नग मावशींच्या नावावर."

मुलीने घाईघाईने पडद्यावर काहीतरी शोधलं. "दुसरा पुरवठादार गेल्या वर्षीच घेतलाय," ती म्हणाली. "तूटही तेव्हापासूनचीच आहे."

"वा!" साहेब उठून उभे राहिले. "आणि मागच्या महिन्यांचे आकडे? ते कसे दुरुस्त करायचे?"

"आधी मावशींना फोन करा. माझ्यासमोर."

"अहो, ते आमचं अंतर्गत आहे."

"मग मागचे आकडेही अंतर्गतच दुरुस्त करा."

"असं काय करता? तुमच्या ऑफरचंही बघू ना आपण," साहेब म्हणाले.

बघू. त्याने मार्करला टोपण लावलं. मुलीने मात्र साहेबांकडे न बघता स्वतःचा फोन काढला. चौकशीच्या वेळी घेतलेला नंबर तिच्याकडे होता. तिने तो लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन टेबलावर ठेवला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तो उचलला गेला.

"मॅडम, किल्ल्या मी त्याच दिवशी जमा केल्यात हो. घरात तुमची माणसं बघून गेली ना? खरंच काही नाही माझ्याकडे."

मुलीने साहेबांकडे पाहिलं. साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. त्याने वाट पाहिली, मग वाकून फोन आपल्याकडे ओढला.

"मावशी, तुमच्याकडे काही नाही ते आम्हाला कळलंय. चूक आमची होती. तक्रार जाणार नाही."



"कोण बोलतंय?" मावशींनी विचारलं.

त्याने एकदा साहेबांच्या पाठीकडे पाहिलं.

"मी कंपनीतून बोलतोय," तो म्हणाला.