मागच्या काचेवरून

मी एक जुना स्टिकर आहे. पिवळा चौकोन, मध्ये काळे उद्गारचिन्ह. आमच्या बिश्केक शहरात नवशिक्यांच्या गाडीला मागून लावतात, तोच. वय एक वर्ष, पण उन्हाने विटलो आणि शिव्या ऐकून म्हातारा झालो. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. खरे तर तुमच्यातले निम्मे माझ्या मागे हॉर्न मारणारेच असणार.

छापून निघालो तेव्हा वाटले होते, मला पाहून लोक सांभाळून घेतील. कसले काय! मला पाहिले की त्यांना चेवच यायचा.

असिलकानने मला तिच्या नवऱ्याच्या निळ्या गाडीला चिकटवले. नवरा, मक्सात, नुकताच वारला होता. त्याच्या चाळिसाव्या दिवसाचे जेवण आटोपल्यावर थोरले दीर अंगणात आले, माझ्याकडे बघून हसले आणि तिला म्हणाले, "वर्षाच्या जेवणापर्यंत शीक. नाही जमलं तर गाडी मी नेणार. बाईमाणसानं उगाच रस्ता कशाला अडवायचा?" असिलकान बोरसोक, म्हणजे कणकेचे छोटे फुगीर तुकडे, तळून दुकानादुकानांत पोचवायची. गाडी गेली की धंदाही गेला.

माझे तोंड मागे. त्यामुळे हिरवा दिवा मी कधी पाहिलाच नाही. मागचे बोंबलले की समजायचे, लागला. तिचा पाय क्लचवर लटपटायचा आणि गाडी बंद पडायची. मग काय, ऐका!

"ओ ताई, हिरवा आहे! पिकून पिवळा व्हायची वाट बघताय का?"

"वहिनी, चूल मागं राहिली, पुढं रस्ता आहे!"

लाल झालेले चेहरे, काचेतून बाहेर काढलेल्या मुठी, सगळे मी समोरासमोर पाहिले. दोन सेकंदांत कुणाचे काय जळत होते, देव जाणे.

त्यांच्यात एक करडी गाडी रोज असायची. टोपी कपाळावर ओढलेली, हात हॉर्नवर. थोरले दीर! बाकीचे वाजवायच्या आधीच ते हॉर्न दाबायचे, मुद्दाम, ती दचकावी आणि गाडी बंद पडावी म्हणून. मला सगळे दिसत होते आणि तोंड उघडता येत नव्हते. संतापाने माझा एक कोपरा काचेवरून सुटला.

वर्षाच्या जेवणाला आठवडा उरला होता. ओश बाजारापाशी सिग्नलला थांबलो. मागून एकच कल्लोळ उठला, म्हणजे हिरवा लागला. इंजिन चालू होते, तरी आमची गाडी हलेना. करड्या गाडीने तर हॉर्नवरचा हात काढलाच नाही. खरे सांगतो, मलाही तिचा राग आला. चल की गं बये, किती शिव्या खायला लावशील!

तेवढ्यात दार उघडले. असिलकान उतरली आणि तरातरा त्या करड्या गाडीकडे गेली. काचेवर थाप मारली. टोपी वर झाली.

"भाऊजी? तुम्ही?"

"मी... इकडूनच चाललो होतो."

"रोज?"

त्यांनी टोपी पुन्हा कपाळावर ओढली.

"ताश्तान!" ती म्हणाली.

आमच्याकडे सुना थोरल्या दिराचे नाव घेत नाहीत. मेल्या तरी घेत नाहीत. शेजारच्या टॅक्सीवाल्याने हॉर्नवरचा हात काढून कानाला लावला.

"ताश्तान, काठी टेकत एक म्हातारबाबा रस्ता ओलांडताहेत. ते पलीकडं पोचल्याशिवाय मी हलायची नाही. तुला वाजवायचंय? वाजव."

ताश्तानने वाजवला नाही. ती परत येऊन बसली, म्हातारबाबांच्या काठीचा आवाज थांबेपर्यंत थांबली आणि एकही हिसका न देता निघाली. मागे करडी गाडी जागीच बंद पडली. तिच्या मागचे सगळे जे तुटून पडले ताश्तानवर, की मी पोटभर हसलो. हसलो, त्यात लाज कसली?

वर्षाच्या जेवणाला तो आला, मान खाली घालून जेवला. असिलकानने त्याला भाऊजी म्हणूनच वाढले. गाडीचा विषय त्याने काढला नाही.

उद्या ती मला खरवडून काढणार आहे. तिला आता माझी गरज नाही. जाता जाता तुम्हाला एवढेच सांगतो, मित्रांनो. पुढची गाडी हलली नाही, तर हॉर्नवर हात टाकण्याआधी जरा थांबा. पुढे काय आहे ते तिला दिसत असते, तुम्हाला नाही. त्या दिवशी तिला शिव्या देताना मलाही म्हातारबाबा दिसले नव्हते.